नजर जिथे, गाडी तिथे

मागच्या रमजान ईदनंतर आमच्या घरात पंधरा दिवस अबोला होता. कारण होते मोटरसायकल.

मुलगा बावीस वर्षांचा. डिप्लोमा करून लोटे औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेला. चिपळूणहून लोट्याला जायचे म्हणजे रोज परशुराम घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. आमची जुनी स्कूटर जुलै २०२१ च्या पुरात गेली, तेव्हापासून घरात गाडी नव्हती. गाडी हवी यावर कोणाचेच दुमत नव्हते. पण त्याला हवी होती स्पोर्ट बाइक, पुढे वाकून बसायची, मागची सीट उंच असलेली. कतारला असलेल्या त्याच्या मामूंनी फोनवर सांगून टाकले, "पैशाची फिकीर करू नकोस, चारशे सीसीचीच घे." त्याची अम्मी म्हणाली, "ती गाडी दारात आली तर मी या घरात जेवणार नाही." आणि मी काहीच बोललो नाही.

मी एस.टी.त अठ्ठावीस वर्षे चालक होतो. रस्त्याबद्दल घरात सगळ्यात जास्त मलाच ठाऊक. तरी गप्प बसलो, कारण बोलायचे तर एक गोष्ट सांगावी लागली असती, जी मी घरात कधीच सांगितली नव्हती.

शेवटी एका रात्री इशानंतर मुलाला गच्चीवर नेले आणि सांगितली. बरीच वर्षे झाली. मी कराडहून गाडी घेऊन कुंभार्ली घाट उतरत होतो. एका वळणावर खालून मोटरसायकल आली. वीस-बावीसचा पोरगा, वेग जास्त, वळण त्याला पुरले नाही आणि तो माझ्या बाजूला आला. मी गाडी डाव्या अंगाला दाबून उभी केली. माझ्या आणि त्याच्या बाजूच्या कठड्यामध्ये एक जीप सहज निघाली असती एवढा रस्ता मोकळा होता. पण त्याने त्या रस्त्याकडे पाहिलेच नाही. त्याची नजर माझ्या गाडीच्या तोंडावर खिळली होती, आणि जिथे नजर होती तिथेच तो येऊन आदळला. हेल्मेट हँडलला अडकवलेले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला. पंचनाम्यात माझी चूक निघाली नाही. पण ते डोळे मी अजून विसरलेलो नाही.

मला वाटले, मुलगा आता म्हणेल, "राहू दे गाडी." तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग विचारले, "अब्बा, त्यानं काय करायला हवं होतं?"

त्या अपघातानंतर लोकांनी मला पुष्कळ विचारले. चूक कोणाची, वेग किती, भरपाई किती. हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. आणि त्याचे उत्तर मला माहीत होते. गाडी नको म्हणण्यापेक्षा ते उत्तर त्याला शिकवावे, असे त्या रात्री ठरले.

पहिली अट इंजिनाची. चारशे सीसीच्या स्पोर्ट बाइकची ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या वर असते, दीडशे-एकशे पंचावन्न सीसीची अठराच्या आसपास. शिकाऊ हाताकडून मूठ चुकून जास्त पिळली जातेच. लहान गाडी ती चूक माफ करते, मोठी करत नाही. मामूंना मीच फोन करून समजावले. गाडी १५५ सीसीची आली, एबीएस असलेली. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचे आहे. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणे एवढेच एबीएसचे काम. वेगाने घेतलेले वळण ते वाचवत नाही.

दुसरी अट, गाडीच्या आधी अंगावरचे सामान. आयएसआय शिक्क्याचे, पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट. डोके हलवले तर गालाबरोबर हलावे, आत फिरू नये. घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, जाड जाकीट. कोकणातल्या उकाड्यात जाकीट नको वाटते, हे खरे. पण पडताना माणूस आधी हात टेकतो आणि डांबर कातडी सोलून काढते. सरकारी आकडे सांगतात की २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यात हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांच्या घरात होती. आपल्या मोहल्ल्यात जुम्म्याच्या दिवशी पाहा. टोपी बिघडेल म्हणून कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नसते. टोपी खिशात मावते.

मग शिकवणी. महिनाभर फजरनंतर गोवळकोट धक्क्याकडच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही दोघे. मी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. वीसच्या वेगाने ये आणि रेघेवर ब्रेक लाव. पुढचा ब्रेक झटक्याने ओढायचा नाही, लिंबू पिळतात तसा हळूहळू पण पूर्ण पिळायचा, मागचा सोबतीला. ब्रेक लागताना गाडीचे सगळे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे बरेचसे काम पुढचाच करतो. नवशिके त्यालाच घाबरतात आणि मागचाच दाबत राहतात. वीसच्या वेगाला गाडी चार पावलांत थांबली. मग चाळीसने ये म्हणालो. त्याला वाटले, आठ पावले लागतील. लागली पंधरा-सोळा. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हे त्याने शाळेत वाचले होते. त्या दिवशी पावलांनी मोजले. आणि हे फक्त ब्रेकचे अंतर. साठच्या वेगात, ब्रेककडे हात जायला एक सेकंद लागला तरी तेवढ्यात सोळा-सतरा मीटर जातात, म्हणजे एस.टी.ची दीड गाडी.

वळणाचे धडे त्यानंतर. स्पोर्ट बाइकवर पुढे वाकून बसल्यामुळे अंगाचा भार मनगटांवर येतो, मग मुठी आवळल्या जातात आणि गाडी वळेनाशी होते. म्हणून टाकी गुडघ्यांनी धरायची आणि हात सैल ठेवायचे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. डावीकडे वळायचे तर डावी मूठ हलकेच पुढे ढकलायची, गाडी आपोआप डावीकडे झुकते. ऐकायला उलटे वाटते, पण वेगात असलेली दुचाकी अशीच वळते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवायची. घाबरलेला माणूस ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच बघतो आणि हात नजरेमागे जातात. मी रस्त्यात पाण्याची बाटली ठेवायचो आणि सांगायचो, बाटलीकडे बघू नकोस, तिच्या बाजूच्या वाटेकडे बघ. पहिल्या दिवशी त्याने ती तीनदा उडवली. आठवड्याभरात बाटली जागची हलेनाशी झाली.

एक दिवस त्याला ओळखीच्या ट्रकच्या केबिनमध्ये चालकाच्या जागेवर बसवले आणि त्याची गाडी ट्रकच्या डाव्या दाराला खेटून उभी केली. "दिसते?" म्हणून विचारले. त्याने मान उंचावली, आरसा पाहिला. दिसत नव्हती. "तू डावीकडून घुसतोस तेव्हा आम्हा चालकांना तू असा दिसतोस," एवढेच म्हणालो.

दुकानदाराने मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड "गाडीला शोभत नाही" म्हणून काढून दिला होता. तो त्याच्या अम्मीने परत बसवून घेतला. ओढणी किंवा बुरख्याचा घोळ साखळीत जायला एक क्षण पुरतो. मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून असे कवच असलेच पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. आणि पहिले सहा महिने मागे कोणी बसायचे नाही, बहीणसुद्धा नाही, ही अटही अम्मीचीच.

काही गोष्टी फक्त सांगून ठेवल्या. पहिल्या पावसाचे आठ दिवस बसने जायचे, कारण धूळ आणि तेल मिसळून रस्ता साबणासारखा होतो. पांढरे पट्टे आणि पुलावरची लोखंडी पट्टी ओली असताना त्यांच्यावर ब्रेक नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी मित्रांसोबत गुहागरला जायचे तर आपल्या वेगाने जायचे, मागे पडलो तर समुद्र कुठे जात नाही. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सर्वांत वाईट, पोट रिकामे, झोप अपुरी आणि घरी पोहोचायची घाई. खिशात खजूर ठेव, वेळ झाली तर रस्त्याकडेला थांबून रोजा सोड. आम्ही वाट बघू.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात लाडाने चावी देऊ नका. गिअरच्या गाडीचे लायसन्स अठराच्या आधी मिळत नाही, आणि अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंडाची भीती ही छोटी भीती आहे. मोठी भीती मी कुंभार्लीत पाहिली आहे. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. गाडीच्या बाबतीत आपण बहुधा नुसती दुआ करतो आणि दोरी विसरतो.

सप्टेंबरात एका संध्याकाळी मुलगा नेहमीपेक्षा उशिरा आला. हात थरथरत होते. घाटातल्या वळणावर कोणाच्या तरी डंपरमधून खडी सांडली होती आणि समोरून ट्रक येत होता. चहा घेतल्यावर म्हणाला, "अब्बा, मी ट्रककडे बघितलंच नाही. कडेच्या मोकळ्या पट्टीकडे बघितलं." मी मान हलवली. त्याची अम्मी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

ती जेवते आता. पण रोज संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत उभी राहते, गाडीचा आवाज गल्लीत वळेपर्यंत. मी खुर्चीत पेपर धरून बसलेला असतो. पेपर वाचत नसतो, हे तिलाही माहीत आहे.