लेखन-कार्यशाळा आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा शब्द

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी लेखन-कार्यशाळा घ्यावयाची म्हटली की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : लेखक असा शिकवून घडतो काय? प्रतिभा शिकवता येत नाही हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. पदवीला मराठी घेऊन बसलेला विद्यार्थी तीन वर्षांत इतरांच्या लेखनाविषयी शेकडो पाने लिहितो. स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी मात्र त्याच्याकडून क्वचितच एखादे पान लिहून घेतले जाते. कार्यशाळेचे प्रयोजन मला येथे दिसते. ती लेखक घडवील अथवा न घडवील. विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दावरचा हक्क ती मिळवून देऊ शकते.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी काही वर्षे अशा कार्यशाळा घेत आले आहे. वर्गात ऊसतोडणी कामगारांची मुलेमुली असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचे आईवडील पश्चिम महाराष्ट्रातील, नाहीतर कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. एका कार्यशाळेत 'मला ठाऊक असलेले काम' या विषयावर दोन पाने लिहावयास सांगितली असता एका विद्यार्थ्याने आरंभ केला तो 'श्रमिकांचे जीवन अत्यंत कष्टमय व उपेक्षित असते' या वाक्याने. पुढील दोन पानांत उसाचे एक कांडेही नव्हते. लेखन शुद्ध होते, सुबक होते आणि ते कोणाचेही असू शकले असते. शालेय निबंधाच्या गाईडांनी त्याला एवढे पक्के शिकवले होते की, लिहावयाचे म्हणजे आपल्या घरापासून शक्य तितके दूर जावयाचे.

त्या पानांवर लाल शाईची रेघ न मारता मी त्याला तीन प्रश्न विचारले. फडात किती वाजता जावे लागते? हातात प्रथम काय घेतले जाते? दिवस संपल्यावर परत काय आणले जाते? दुसऱ्या खर्ड्यात 'श्रमिक' हा शब्द नाहीसा झाला आणि त्याजागी 'कोयता' आला. हा कोयता केवळ हत्यार नव्हता; मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. 'उचल' आली : हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, जी फिटली नाही तर पुढील हंगामाच्या माथी बसते. पाचट आले, मोळी आली, कोपी आली, वाढे विकून हाती येणारे थोडे रोख पैसे आले. 'शोषण' हा शब्द त्या खर्ड्यात एकदाही नव्हता. त्याची गरजच उरली नव्हती.

वाचून झाल्यावर त्याने विचारले, "मॅडम, असं लिहिलेलं चालंल का?" हा प्रश्न मला विचार करावयास लावतो. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली आणि वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य तिने प्रस्थापित केले. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) बोली संवादापुरती न राहता निवेदनाचीच भाषा झाली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. तरीही १९५२ साली ग्रंथरूप झालेली त्यांची गाणी आज मराठी काव्याच्या मध्यभागी आहेत. हे सारे आपण शिकवतो. पण ते 'ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये' या शीर्षकाखाली, दहा गुणांच्या प्रश्नासाठी शिकवतो. ही पुस्तके आपल्यालाही लिहावयाची मुभा देतात, ही गोष्ट विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाही.

अर्थात बोली आली म्हणजे लेखन साधले असे नव्हे. वर्गात हशा पिकतो म्हणून गावरान शब्दांची फोडणी देणारेही विद्यार्थी असतात. तेही एका परीने गाईडच, फक्त दुसऱ्या प्रकाशनाचे. यावर मोठ्याने वाचन हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. उसना शब्द आला की वाचणाऱ्याचा आवाज बदलतो. आणि तो बदल लिहिणाऱ्याला इतरांच्या आधी ऐकू येतो.

पुढे वार्षिकांकासाठी या लेखाची मागणी झाली, तेव्हा त्या विद्यार्थ्याने नकार दिला. घरची उचल फिटलेली नव्हती आणि अंक गावात वाचला जाणार होता. उचलीचा परिच्छेद गाळावा अशी सूचना पुढे आली. "मग त्यात राहिलं काय?" एवढेच तो म्हणाला. लेख छापला गेला नाही. 'बलुतं' (१९७८) किंवा 'उपरा' (१९८०) शिकवताना आपण लेखकाच्या धैर्याचा गौरव करतो. त्या धैर्याची किंमत घरातील कोणाकोणाला मोजावी लागू शकते, हा प्रश्न वर्गात फारसा निघत नाही. काय लिहावे हे त्या मुलाला दुसऱ्या खर्ड्यात उमगले होते. काय छापू नये हेही त्याचे त्यानेच ठरवले. लेखक म्हणून हा निर्णय मला पहिल्याहून कमी मोलाचा वाटत नाही. त्याच्या लेखातील जे प्रत्येक टोळीला ठाऊक असते तेवढेच, त्याच्या संमतीने, मी येथे सांगितले आहे. जे त्याच्या घरचे आहे ते त्याच्या वहीत आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर लेखनकौशल्याला अभ्यासक्रमात श्रेयांकांचे स्थान मिळत आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. मात्र उद्घाटन, दोन व्याख्याने, सामूहिक छायाचित्र आणि प्रमाणपत्र यांनाच कार्यशाळा म्हटले जाण्याचा धोकाही तिच्यासोबत येतो. कार्यशाळेत वीसच्या वर विद्यार्थी नसावेत, प्रत्येकाचे निदान दोन खर्डे व्हावेत आणि लेखन प्रसिद्ध करण्याची सक्ती नसावी, एवढे पथ्य सहज पाळता येईल. गुण द्यावयाचेच असतील तर ते अनुभवाच्या दाहकतेला देऊ नयेत; तसे केल्यास दुःखाची चढाओढ लागेल. पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात जे अंतर विद्यार्थी स्वतः चालून गेला, त्याला ते द्यावेत.