शाळेचे बूट नेमके कधी घ्यावेत?



आंबा कधी बंद करायचा हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. जूनच्या 21-22 तारखेला आर्द्रा नक्षत्र लागलं की घरात आंबा बंद. मुलांच्या बुटांचं मात्र असं ठरलेलं नक्षत्र नाही. म्हणून मे संपत आला की मंडळाच्या ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, "बूट घेतले का गं? आत्ता घेऊ की थांबू?" आणि पुढच्या रविवारी आपण सगळ्या रानडे रोडवर एकमेकींना भेटतो. एका हातात वह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात कंटाळलेलं पोर.

माझं मत आधीच सांगून टाकते. जूनमध्ये काळे बंद बूट घेऊ नयेत. मेच्या शेवटी पावसाळी सँडल घ्यावेत आणि काळे बूट दिवाळीच्या सुट्टीत. आमच्या घरात गेली चार-पाच वर्षं असंच चाललंय. सासूबाईंची अट एवढीच की शनिवारी पायताण घरात आणायचं नाही. शनीचं आणि आपल्या धर्माचं काय नातं, हे मी त्यांना विचारत नाही. शुक्रवारी जाते.

मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला येतो असं वेधशाळा धरते आणि स्टेट बोर्डाच्या शाळा 15 जूनच्या आसपास उघडतात. म्हणजे नवे बूट आणि नवा पाऊस एकाच आठवड्यात. पण पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. 2023 मध्ये शाळा 15 जूनला उघडल्या आणि पाऊस आला 25 जूनला. पहिले दहा दिवस मुलं रेनकोट दप्तरात घेऊन घामाघूम होत फिरली. 2025 मध्ये उलट झालं. 26 मेलाच पाऊस मुंबईत हजर, इतका लवकर तो आधी कधी आल्याची नोंद नव्हती, आणि शाळा उघडायला अजून तीन आठवडे होते. त्या वर्षी ज्यांनी "जूनमध्ये बघू" म्हटलं त्यांना छत्री सांभाळत, चिखल तुडवत सँडल घ्यावे लागले आणि नंबरही मिळाले नाहीत. पावसाळी पायताण मेमध्येच घ्यावं, ते यासाठी.

आता काळे बूट जूनमध्ये का नकोत? एक कारण सरळ हिशोबाचं आहे. बुटाचा एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. सहा ते दहा वर्षांच्या मुलाचा पाय वर्षाला जवळजवळ एवढाच वाढतो. जूनमध्ये घेतलेला बूट सप्टेंबर संपेपर्यंत खोक्यात बसतो, कारण बऱ्याच शाळा पावसाळ्यात सँडल चालवून घेतात. पाय काही खोक्यात बसत नाही, तो वाढतच असतो. ऑक्टोबरमध्ये नवाकोरा बूट काढावा तर अंगठा पुढे टेकलेला. पैसे गेले ते गेलेच, वर वस्तू न वापरता परिग्रह तेवढा वाढला.

दुसरं कारण तुम्हाला लगेच पटेल. दादरच्या हवेत पावसाळ्यात काय होतं ते आपण लोणच्याच्या बरणीपासून पुस्तकांच्या कपाटापर्यंत बघतोच. बंद खोक्यातल्या बुटावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. इतर घरांत ती फडक्याने पुसून टाकतात, विषय संपला. आपल्याला तसं करता येत नाही. ती निगोद आहे, अनंत जीवांचं एक शरीर. पुसलं तर विराधना, न पुसलं तर बूट वापरता येत नाही आणि ठेवला तर ती आणखी पसरते. जयणा म्हणजे ती होऊच न देणं, आणि त्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात बंद बूट घरात साठवून न ठेवणं. काही बुटांचे फोमसारखे हलके पीयूचे तळवे दमट हवेत पडून पडून नुसते भुरभुरीत होतात. एकदाही न घातलेला बूट हातात घ्यावा आणि तळवा खाली गळावा, असंही घडतं.

गेल्या वर्षीचा बूट अजून होत असेल तर तोच वापरायला हरकत नाही. मात्र ओला बूट कपाटात घालू नका. वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, गॅसच्या बाजूला नको. पॅसेजमधल्या रॅकवरचं पायताण सकाळी पायात घालण्याआधी उलटं करून हलकेच झटकायची सवय मुलांना लावा. पावसात झुरळं, गोमी कोरडी जागा शोधत आत शिरतात. आमच्याकडे रॅकपाशी जुनी पुंजणी टांगलेली असते आणि ते काम धाकट्याचं आहे. बाकी कशात नाही, पण या कामात तो फार काटेकोर आहे.

तिसरं कारण जरा गंभीर आहे. नवा बूट चावतो. टाचेवर फोड येतो, तो फुटतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात हिंदमाताला पाणी भरतं. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरतं, पण भरायचं थांबलेलं नाही. त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि लेप्टोचे जंतू पायाच्या उघड्या जखमेतून शरीरात जातात. माझ्या नणंदेचा मुलगा एकदा टाचेचा फोड घेऊन गुडघाभर पाण्यातून घरी आला. नणंदेने त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. अशा पाण्यातून चालावं लागलं तर 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध घ्या, असं पालिका दर पावसाळ्यात सांगते. वयाप्रमाणे औषध बदलतं, म्हणून शेजारणीकडची गोळी मुलाला देऊ नका. त्याला काही झालं नाही, पण ते चार दिवस नणंदेने दर दोन तासांनी त्याच्या कपाळाला हात लावून काढले. नवीन बूट कोरड्या दिवसांत, आधी घरात अर्धा-अर्धा तास घालून मग शाळेत न्यावा असं मी म्हणते, ते तेव्हापासून.

आता चामड्याचं. "मॅडम, लेदर नाही, पीयू आहे," असं दुकानदार सहज म्हणतो. त्यावर विसंबू नका. पीयूचा थर दिलेलं स्प्लिट लेदर हेही चामडंच, वर फक्त प्लास्टिकचा लेप. स्वेड आणि नबक हीसुद्धा चामडीच. बुटाच्या आत, जिभेच्या मागच्या बाजूला बघा. कृत्रिम असेल तर विणलेलं कापड दिसतं, चामडं असेल तर केसाळ तंतू. काही बुटांवर छोटी चित्रं असतात. ताणलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं, चौकट उभी केल्यासारखी असेल तर इतर साहित्य, जाळी असेल तर कापड. अस्तर वेगळं तपासा, कारण वर रेक्झिन आणि आत चामडं असंही असतं. युनिफॉर्मचा पट्टा तर आपण हमखास विसरतो.

पण प्लास्टिकचा बूट अहिंसक म्हणून पायाला चांगला, असं मी म्हणणार नाही. त्यात हवा खेळत नाही. दिवसभर ओले मोजे आत राहिले तर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, रात्रभर पोर खाजवत बसतं. पावसात उघडे सँडल, मोजे सुती, दप्तरात एक जोडी जास्तीची. कोरड्या दिवसांत रेक्झिनचे बूट, आणि पीटीला कॅनव्हासचे. चामड्याशिवाय सगळं भागतं, फक्त लक्ष द्यावं लागतं.

माप घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून, उभं करून, दोन्ही पायांचं माप घ्या, कारण दोन्ही पाय सारखे नसतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. "दोन वर्षं चालेल" म्हणून दोन नंबर मोठा घेतला की मूल बोटं आकसून चालतं आणि पडतं. लहान मुलांचे नंबर 13 पर्यंत जाऊन पुन्हा 1 पासून सुरू होतात. मोठीला 1 नंबर लागला तेव्हा धाकट्याने घरभर सांगितलं की ताईचा पाय लहान झाला.

हीच मोठी, आता सहावीत आहे. सासूबाई रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यात एक नियम वाणहचा, म्हणजे आज पायताणाचे किती जोड वापरायचे त्याची मर्यादा. सासूबाईंचे दोन असतात. एका चौमासी चौदसला मोठीने स्वतःचे जोड मोजले. शाळेचे, पीटीचे, पावसाळी, क्लासचे आणि लग्नासाठी घेतलेले चकचकीत. पाच. तिने तीनचा नियम मागितला. माझे मोजायला घेतले तर नऊ निघाले, ते तिने मोठ्याने वाचून दाखवले. शाळेचे आणि पीटीचे सोडता येत नाहीत. म्हणून तिने स्वतःच क्लासला पावसाळी सँडलच घालायचं ठरवलं आणि चकचकीत जोड बाजूला ठेवला. मी तिला एकच सांगितलं, पाय वाढला आणि शाळेचा बूट चावायला लागला तर तो बदलायचा, जुना काढून नवा आणला तर आकडा तोच राहतो. चातुर्मासात नवीन काही घ्यायचं नाही असा नियम आपल्यातल्या पुष्कळजणी घेतात, मीही घेते. तो माझा आहे, माझ्या मुलांच्या टाचांचा नाही. ज्यांना तो घरभर पाळायचा असेल त्यांनाही अडचण नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत कार्तिकी पौर्णिमा येते, बूट त्यानंतर घ्या.

राहिला साधर्मिक भक्तीचा विषय, आणि या लेखाला मी बसले ती खरी त्यासाठी. 2023 च्या जुलैमध्ये सरकारने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं, एका मुलामागे 170 रुपये. शाळा तर 15 जूनलाच उघडल्या होत्या. महापालिकाही आपल्या शाळांतल्या मुलांना 27 वस्तू देते, त्यात पायताण असतं. पण आपल्या ज्या घरांची ओढाताण चालली आहे, त्यांची मुलं बहुतेक खासगी शाळांत आहेत. त्यांना यातलं काही मिळत नाही आणि ती घरं मागतही नाहीत. आपण त्यांना जूनमध्ये वह्या देतो. बूट दिले तर अंदाजाने दिलेले, किंवा आपल्या मुलांचे वापरून झालेले. वापरलेला बूट पहिल्या पायाच्या वळणाने दबलेला असतो, दुसऱ्याच्या पायात तो तसाच बसत नाही. आणि घेणाऱ्या आईला तो कसा वाटतो, ते मी लिहीत नाही.

म्हणून मंडळात मी असं सुचवलंय. जूनच्या वाटपात फक्त वह्या आणि पावसाळी सँडल. काळे बूट ऑक्टोबरमध्ये, नवे, चामड्याशिवायचे. माप घ्यायला मुलांना रांगेत उभं करायचं नाही. आईने रात्री मुलाला कागदावर उभं करून दोन्ही पायांची पेन्सिलने रेघ काढायची, ती कापून पाकिटात घालायची, वर नाव नको, फक्त आकडा. तो आकडा कोणत्या घराचा हे दोघींनाच माहीत असेल. दुकानदार कागद बुटात सरकवून नंबर काढून देतो, मी विचारून आलेय. नंबर चुकला तर आठ दिवसांत बदलूनही देणार आहे.

पाकिटं पर्युषणानंतर, सप्टेंबरअखेर गोळा करू. ज्या दोघींना हे काम घ्यायचं असेल त्यांनी मला वेगळा फोन करा, ग्रुपवर लिहू नका.