एका साच्याचे मावळे

शूर मनुष्याचें वर्णन करणें वाटतें तितकें सोपें नाहीं. भित्र्यांचे प्रकार हवे तितके सांपडतात. शूर मात्र लेखणीखालीं येतांच एकमेकांसारखे दिसूं लागतात. ही अडचण केवळ कवींची व बखरकारांचीच आहे अशी आमची समजूत होती. परंतु ती खेळणारांसही छळते, हें अलीकडे आमच्या भाच्यानें आम्हांस शिकविलें.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. चारपांच मंडळी मेजाभोवतीं बसतात. एकानें अद्भुत कथा सांगावयाची, आणि बाकीच्यांनीं त्या कथेंतील एकेक पात्र होऊन, फांसे टाकीत, ती पुढें न्यावयाची. आरंभीं पात्रांचे वर्ग तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. बळ, बुद्धि, चापल्य अशा सहा गुणांचे आंकडे प्रत्येकाच्या कागदावर मांडलेले असतात. मांत्रिकांत मंत्रांमुळें भेद पडतो. योद्ध्यांजवळ मात्र चिलखत आणि तरवार एवढेंच. “मामा, आमच्या खेळांत दोन योद्धे आहेत आणि दोघेही एकच वाटतात. एकाच्या हातीं कुऱ्हाड दिली तर?” असें भाच्यानें विचारलें.

आम्हीं त्याला भीमाची आठवण दिली. भीम आणि दुर्योधन या दोघांचें शस्त्र एकच, गदा. दोघांचा गुरुही एकच, बलराम. बळाच्या आंकड्यांतही फारसें अंतर पडावयाचें नाहीं. तथापि महाभारत ऐकणाऱ्या लहान मुलाससुद्धां या दोघांची कधीं गल्लत होत नाहीं.

आपल्या इतिहासाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. १६६० सालीं बाजीप्रभु, धनी विशाळगडास पोंचेपर्यंत, खिंड अडवून उभा राहिला. त्याच वर्षीं फिरंगोजी नरसाळ्यानें चाकणचा किल्ला शाएस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविला. सुरुंगानें बुरूज उडाल्यावर किल्ला खालीं केला, पण खानाची चाकरी पत्करली नाहीं. १६६५ सालीं पुरंदरावर दिलेरखानानें मुरारबाजीस कौल देऊं केला. तो त्यानें झिडकारला, असें सभासद सांगतो. आणि धन्याचा बोल जिव्हारीं लागलेला प्रतापराव १६७४ सालीं नेसरीस अवघ्या सहा सोबत्यांनिशीं शत्रुसैन्यावर तुटून पडला, अशी प्रसिद्धि आहे. चौघेही तरवारबहाद्दर. परंतु एकास थांबावयाचें कोठें हें ठाऊक होतें, दुसऱ्यास सोडावयाचें केव्हां हें कळत होतें, तिसऱ्यास नको म्हणतां येत होतें, आणि चौथ्यास परतणेंच अशक्य झालें होतें. योद्धा ओळखावयाचा तो अशा वेळीं.

खेळाच्या कर्त्यांच्याही हें ध्यानांत आलें असावें. १९७५ च्या पुरवणींत त्यांनीं ‘पॅलॅडिन’ नांवाचा व्रतस्थ योद्धा आणला. त्यानें व्रत मोडलें कीं त्याचें तें पद कायमचें गेलें. एका व्रतानें जो भेद झाला, तो दहा कुऱ्हाडींनीं झाला नसता. भाच्यानें आमचें ऐकून सहा आंकड्यांखालीं लिहिलें : “शरण आलेल्यावर हात टाकणार नाहीं.” पुढच्याच डावांत एक लबाड शत्रु शरण आला, आणि मित्रांचा वाद रात्रीं पानें मांडलीं तरी संपेना!

ही गोष्ट केवळ खेळापुरती असती तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. दिवाळीच्या किल्ल्यांवरचे मातीचे मावळे एकाच साच्याचे असतात; पण मुलें एकास खिंडींत, दुसऱ्यास दरवाजांत उभा करतात, आणि जागेवरून त्यांस नांवें देतात. साचा मोडावयाचा कसा हें त्यांस उपजतच कळतें. उलट आम्ही शिक्षक मंडळी शूर, निष्ठावान, पराक्रमी हीं तीन विशेषणें सर्वांस सारखींच वांटतों. या वांटणींत फिरंगोजीसारखा मनुष्य मागें पडतो, कारण तो किल्ल्यावर मेला नाहीं. मग ज्या मुलाला पुढें आयुष्यांत धरावें कीं सोडावें असा प्रश्न पडेल, त्यानें कोणाकडे पाहावें? त्याला मरणाचे दाखले पुष्कळ मिळतील. निर्णयाचे मात्र आम्हींच लपवून ठेविलेले असतील.