कासवांची वकिली

गेल्या फाल्गुनांत शाळेच्या सहलीबरोबर आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास या गांवीं गेलों होतों. पहांटे समुद्रकिनाऱ्यावर गांवच्या कार्यकर्त्यांनीं वाळूवरची टोपली हळूच उचलली, आणि तिच्याखालून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचीं इवलींशीं पिलें बाहेर पडलीं. तीं लटपटत लाटांकडे निघालीं, तेव्हां एरवीं क्षणभरहि गप्प न बसणारी आमची मंडळी स्तब्ध झाली. याच किनाऱ्यावर पूर्वीं हीं अंडीं लोक खणून नेत. इ. स. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें व गांवकऱ्यांनीं तीं राखण्याचें व्रत घेतलें.

परत आल्यावर वर्गांत असें ठरलें कीं, लोकसभेंतील आपल्या प्रतिनिधींस एक विनंतिपत्र लिहावें. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठीं सरकारनें आपल्या सीमेबाहेरहि द्रव्य खर्चावें, अशी ती विनंति. मसुदा वाचून होतांच मागल्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे वडील होडीवर जातात. तो म्हणाला, "सर, जून-जुलैंत मासेमारी बंद असते, तेव्हां आमच्या घरीं उधारीवर दिवस काढावे लागतात. वस्तींतल्या दवाखान्याचें छप्पर गळतें. तें सोडून परक्या देशांतल्या जनावरांस पैसा कां द्यावा?" वर्गांत कोणी हसलें नाहीं. आम्हांसहि तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. पत्र त्या दिवशीं तसेंच राहिलें.

प्रश्न प्रामाणिक होता. तेव्हां उत्तरहि प्रामाणिकपणें शोधणें प्राप्त होतें.

पहिली गोष्ट ही कीं, परकें जनावर कोणतें हें ठरविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. इ. स. २०२१ मध्यें ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनीं एका कासवाच्या मादीस क्रमांकाची खूण लाविली होती. तीच मादी इ. स. २०२५ च्या जानेवारींत आपल्या गुहागरच्या वाळूंत अंडीं घालतांना आढळली. पूर्व किनाऱ्याहून पश्चिम किनाऱ्यास जलमार्गानें येणारास भारताचें दक्षिण टोक ओलांडावें लागतें, आणि तेथें श्रीलंकेचा समुद्र लागूनच आहे. कासवास श्वास घेण्यासाठीं पाण्यावर यावें लागतें. वाटेंतील एखाद्या जाळ्यांत तें गुदमरलें, तर तें जाळें कोणत्या देशाचें याला कांहींच अर्थ राहत नाहीं. गुहागरची वाळू मात्र रिती राहते. नोहानें तारवांत प्राणी घेतले, तेव्हां कोणता प्राणी कोणाच्या मुलुखाचा असें त्यानें विचारलें नव्हतें.

दुसरी गोष्ट, आपण स्वतः या बाबतींत इतरांचे ऋणी आहों. इ. स. १९७३ मध्यें व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आपला मेळघाट त्यांतील पहिल्या नऊ अरण्यांपैकीं एक. त्या कार्यासाठीं जागतिक वन्यजीव निधीनें दहा लक्ष डॉलर देऊं केले होते. अमेरिकेच्या विधिमंडळानें इ. स. १९९४ मध्यें गेंडा व वाघ यांच्यासाठीं आणि इ. स. २००४ मध्यें समुद्रकासवांसाठीं कायदे करून परदेशांतील रक्षणकार्यास साहाय्य देण्याची सोय केली. त्या देशाच्या रानांत वाघ नाहीं, हें लक्षांत घ्यावें. परंतु एकाच्याच थैलीवर विसंबणें बरें नव्हे. इ. स. २०२५ च्या आरंभीं अमेरिकन सरकारनें परदेशी साहाय्य एकाएकीं थांबविलें, आणि दूरदूरच्या देशांत वन्यजीवरक्षणाचीं कामें अडलीं. म्हणूनच प्रत्येक राष्ट्रानें आपापला वांटा उचलावयास हवा.

तिसरी गोष्ट पैशाची. भारतानें हा वांटा उचलण्यास आरंभ केला आहे. वाघ, सिंह, बिबळ्या, हिमबिबळ्या, चित्ता, जग्वार व प्यूमा या सात प्राण्यांसाठीं इ. स. २०२३ मध्यें भारताच्या पुढाकारानें एक आंतरराष्ट्रीय संघ निघाला. त्यासाठीं केंद्र सरकारनें पांच वर्षांकरितां १५० कोटि रुपये मंजूर केले. यांपैकीं जग्वार व प्यूमा हे आपल्या अरण्यांत नाहींतच! आम्हीं हिशेब फळ्यावर मांडला आणि त्या विद्यार्थ्यासच पुढें बोलाविलें. वर्षास ३० कोटि रुपये, लोकसंख्या सुमारें १४० कोटि. भागाकार त्यानें केला: माणशीं वर्षास सुमारें २१ पैसे. त्यानें खडू ठेविला व म्हटलें, "म्हणजे आमचें छप्पर यामुळें गळत नाहीं."

"नाहीं," आम्ही म्हणालों, "पण तें गळतें, हेंहि खरें आहे."

मग त्यानेंच एक हकीकत सांगितली. त्याच्या वडिलांच्या जाळ्यांत एकदां कासव अडकलें; त्यांनीं जाळें कापून त्यास सोडिलें. महाराष्ट्रांत अशा कोळ्यांस जाळ्याच्या नुकसानीबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना इ. स. २०१८ मध्यें निघाली. प्राणी राखावा आणि राखणाराचें पोटहि राखावें, हें तत्त्व आम्हांस त्या दिवशीं नीट उमगलें. आमच्या मसुद्यांत तेंच राहून गेलें होतें.

पत्र पुन्हां लिहिलें गेलें. ज्या ज्या देशांच्या किनाऱ्यांवरून हीं कासवें जातात, तेथील कोळ्यांसहि अशी भरपाई मिळावी आणि त्यासाठीं आपल्या अंदाजपत्रकांत कांहीं रक्कम असावी, अशी मागणी त्यांत घातली. दवाखान्याच्या छपराविषयीं दुसरें पत्र जिल्हा परिषदेस लिहिलें. दोन्हीं पत्रांवर पहिली सही त्याच विद्यार्थ्याची आहे, आणि तीं एकाच दिवशीं टपालांत पडलीं.

उत्तर अद्याप आलेलें नाहीं. मुलें रोज विचारतात. पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, निवडणुकीच्या वेळीं प्रतिनिधि दारीं येतील, तेव्हां छपराबरोबर कासवांचीहि गोष्ट त्यांच्या कानीं घालावी. वेळासच्या वाळूवरून गेलेल्या पिलांस मत देतां येत नाहीं. तें आपणांस देतां येतें.