मास्तरांचे दोन रेझिस्टर

कागलच्या एस.टी. स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक छोटं दुकान होतं. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणत. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी माझा फिल्टरचा प्रोजेक्ट अडला, तेव्हा मी तिथं गेलो. तीन ७४१ ऑप-अँप, त्यातले दोन इंटिग्रेटर, फ्रीक्वेन्सी बदलायला जोड पॉट. पॉटचे दोन्ही भाग सारखे चालत नव्हते. फिरवलं की फिल्टर बिघडायचा.

मास्तरांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले आरसीएचे दोन सीए ३०८० काउंटरवर ठेवले. "पॉट काढ. इंटिग्रेटरमधला रेझिस्टर काय करतोय? व्होल्टेजचा करंट करतोय. ही चिप बी तेच करती. किती करायचा, ते तू बाहेरनं ठरवायचं."

माझ्या चेहऱ्याकडं बघून ते उसाच्या रानात शिरले. "पाणी पाजताना दारं किती मोडायचं ते तुझ्या हातात न्हवं? सरी म्हणजे कपॅसिटर. दोन्ही सऱ्यांची दारं एकदमच मोडायची."

मग बिलाच्या पाठीवर हिशेब. १० किलोओमच्या जागी ०.१ मिलिसीमेन्स हवेत. चिपला १ मिलिअँपिअर कंट्रोल करंट दिला तर साधारण १९ मिलिसीमेन्स मिळतात. ऑप-अँपचा इंटिग्रेटर सिग्नल उलटा करतो, म्हणून सिग्नल उणे पायाला द्यायचा. कपॅसिटर आउटपुटपासून जमिनीला, आणि त्याच्यापुढं बफर. नाहीतर पुढचा भाग करंट पिऊन टाकणार.

घरी जोडलं. आवाज फाटला. रात्रभर कारण सापडलं नाही. सकाळी मास्तरांनी ऑसिलोस्कोप न लावताच सांगितलं: ह्याच्या तोंडाला वीसेक मिलिव्होल्टच पेलतात, तू व्होल्ट घातलास. त्यांनी १०० किलोओम आणि १ किलोओमचे रेझिस्टर स्वतः पाय कापून झाळले. सिग्नल शंभरावा हिस्सा झाला, म्हणून चिपकडून १० मिलिसीमेन्स लागले, म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. दोन्ही चिपना एकाच पॉटवरून करंट. फिल्टर पहिल्यांदा सरळ चालला.

त्यांनी चिपचे पैसे घेतले, शिकवण्याचे घेतले नाहीत. पुढं मी हाच विषय शिकवून पोट भरलं, आणि मास्तर गेले तेव्हा मी परगावी होतो. ते ऋण माझ्याकडून फिटलं नाही.

आता मी विद्यार्थ्यांना एलएम १३७०० देतो. एका चिपमध्ये तसले दोन अँप्लिफायर, बफरही आतच. सिग्नल लहान करणारे दोन रेझिस्टर मात्र अजून बाहेरूनच झाळावे लागतात.