जागल

रात्रीचे दोन. तुरीच्या धुऱ्यावर माळ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात लिहितोय. आत्ताच रानडुकरांचा कळप येऊन गेला. तेलाचा रिकामा डबा बडवला तेव्हा कुठे हलला. तुरीच्या किती ओळी लोळवल्या, ते सकाळी कळेल.

शेजारचे काका संध्याकाळी म्हणाले, "तार सोडून दे ना बाबू, कायले मरतं रातभर जागलीत?" म्हणजे खांबावर आकडा टाकून कुंपणात करंट. पण आमच्या हिंगणीपासून बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल ते किती लांब! ब्रह्मपुरीकडून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण २०१७च्या ऑक्टोबरात कारंजा तालुक्यात अशाच तारेला चिकटून मेली.

मी नाही म्हणालो. जरा ऐटीतच. तारेचं भेंडोळं मागच्या वर्षीच आणून गोठ्यात ठेवलंय, हे मात्र सांगितलं नाही.

नाही तर म्हणालो, पण ते रोज निभवायचं कसं? शाळेच्या सहलीत सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, परचुरे कुटी दाखवली होती. कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांना गांधीजी स्वतः मालिश करायचे, हे ऐकून आम्ही पोरं नाक मुरडत हसलो होतो. आज वाटतं, पहिल्या दिवशी जमलं असतं कुणालाही. दहाव्या दिवशी, कामं तुंबलेली असताना, पुन्हा तेलाची वाटी हातात घेणं?

माझी तर जागलीची ही चौथीच रात्र. शिवाय डुकरांवर माझं काडीचंही प्रेम नाही. मग मला अडवतंय ते तत्त्व, की वनखात्याच्या केसची भीती? बहुधा दोन्ही.

पलीकडे पुन्हा सळसळ. डबा कुठे ठेवला मी?