पांझरेकांठची पेठ

‘मोठीं शहरें नद्यांच्या कांठीं वसतात’ हें वाक्य भूगोलाच्या तासास आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें. आफ्रिकेंतील नायजर व बानी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या मोप्ती गांवास तें अक्षरशः लागू पडतें. तेथें मीठ व मासळी होड्यांतून येते आणि धक्क्यावरच बाजार भरतो. पण आमच्या धुळ्याचें काय? पांझरा ही कांहीं मालाच्या होड्यांची नदी नव्हे. मग तिच्या कांठीं पेठ कां वसावी?

पांझरेनें माल वाहिला नाहीं, अन्न पुरविलें. बंधारे घालून, पाट काढून, शेतांचे फड भिजविण्याची रीत या खोऱ्यांत फार जुनी आहे. मालाची वाट जमिनीवरची. मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरूनच जातो.

परंतु पाणी आणि रस्ता एवढ्यानें पेठ होत नाहीं. १८०३ सालीं होळकरांच्या फौजांची लूट व घोर दुष्काळ यांमुळें धुळें पार ओस पडलें. नदी तीच होती, रस्ताही तोच होता. माणसें मात्र राहिलीं नाहींत. पुढच्याच वर्षीं विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनीं गांव पुन्हां वसविलें. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला व कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें जिल्ह्याचें ठाणें केलें. १८१९ सालीं येथें घरें अवघीं ४०१ आणि माणसें २,५०९. ब्रिग्जनें घरांसाठीं जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या, बांधकामास तगाई दिली आणि लांबून कारागीर आणविले. परक्या सत्तेनें हें स्वतःच्या सोयीसाठींच केलें, हें उघड आहे. तरी व्यापाऱ्यास विश्वास वाटला आणि तो आला. पुढें कापसाचा व्यापार वाढला. १८७२ सालीं पांझरेच्या महापुरानें शहराची मोठी हानि केली, पण या वेळीं गांव उठलें नाहीं. १९०० सालीं चाळीसगांवाहून आगगाडीही आली.

हा इतिहास आम्हांस हल्लीं वारंवार आठवतो, कारण आमच्या घरींही वस्तीचाच प्रश्न उभा आहे. पुण्यास गेलेले पुतणे वाडा विकावा असें म्हणतात. थोरल्या वहिनींस तो सोडवत नाहीं. वडिलार्जित वास्तूची थोरवी सांगून कोणी परत येत नसतो. त्यास हक्काची जागा व उद्योगास आधार द्यावा लागतो. म्हणून धाकट्या पुतण्यास आम्हीं लिहिलें आहे कीं, वाड्याचा रस्त्याकडील भाग तुझ्या नांवें करून देतों; दुकान घालावयाचें असल्यास खुशाल घाल. वहिनींचीही यास संमति आहे. उत्तराची वाट पाहत आहों.